थंडीतला कुत्रा: त्याला सांगता येत नाही, आपल्याला बघावं लागतं

सांजवारा:
आमची राणी तेरा वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला म्हणून उठले. बघते तर ती उठायची धडपड करत होती. पुढचे पाय टेकलेले, मागचे सारखे घसरत होते, आणि दरवेळी ती खाली बसून माझ्याकडे बघायची. ओरडली नाही, कण्हली नाही. कानाची टोकं हातात घेतली तर गारढोण. अंथरूण दोन हातांवर होतं. रात्री कधीतरी त्यावरून उतरली आणि तशीच फरशीवर झोपून गेली असणार.

डॉक्टरांनी तपासलं. सांधे झिजलेत, म्हणाले. हे एका रात्रीत झालेलं नाही, थंडीने फक्त उघड केलं. तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय की मागच्या दोन हिवाळ्यांतही तिला दुखत असणार. सकाळी फिरायला निघताना ती उंबऱ्यात जरा थांबायची. मी त्याला म्हातारपणाचा आळस समजत होते.

आठवडाभर वाचते आहे, विचारते आहे. एक गोष्ट आता डोक्यात पक्की बसली: आपण थंडी हवेत मोजतो, कुत्र्याला ती जमिनीतून लागते. आपण उभे असतो, पायात काहीतरी असतं. तो पोट टेकून झोपतो, आणि नेमके पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याचे केस सगळ्यात विरळ असतात.

म्हणून पहिल्यांदा अंथरूण बदललं. खाली जाड फोमची गादी, वर लोकरी ब्लँकेट, आणि गादीच्या तिन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरींचा काठ, म्हणजे झोपेत ती खाली येणार नाही. तिथून दारापर्यंत न घसरणाऱ्या चटया टाकल्या. सकाळी बाहेर काढण्याआधी घरातल्या घरात पाच मिनिटं हळूहळू चालवते. एका लांब फेरीऐवजी तीन छोट्या फेऱ्या, तीही ऊन वर आल्यावर.

स्वेटर, हीटर आणि खाणं, या तिन्ही बाबतींत मात्र मी अजून चाचपडते आहे. ज्यांच्या घरी म्हातारं, बारीक केसांचं किंवा अगदी लहान कुत्रं आहे त्यांनी कृपया अनुभव लिहा.

एकटा_पांथस्थ:
राणीला लवकर बरं वाटो. पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. निसर्गाने त्यांना केसाळ कातडं दिलंय. हजारो वर्षं ते उघड्यावर राहिले. आपण त्यांना गरजेपेक्षा जास्त जपून त्यांची सहनशक्तीच कमी करत नाही ना?

चारपायी:
पांथस्थ, प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, आमच्याकडेही बरेच जण हेच विचारतात.

सगळ्या कुत्र्यांचं कातडं सारखं नसतं. हस्की, मॅलाम्यूट, सॅमॉइड यांना दोन थर असतात: आत मऊ, दाट लव आणि वर लांब, राठ केस. ती लव हवा धरून ठेवते, आणि ती अडकलेली हवाच खरी ऊब. ग्रेहाउंड, व्हिपेट, चिवावा, डॉबरमन यांना हा आतला थर जवळजवळ नसतोच. ग्रेहाउंडच्या तर अंगावर चरबीही नावालाच. आकाराचाही भाग आहे. वाटीतलं कोमट पाणी आणि पातेल्यातलं कोमट पाणी शेजारी ठेवा, वाटी आधी गार होते. लहान कुत्र्याचं तसंच, वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर निघून जाते.

आणि ज्याला दोन थर आहेत तोही भिजला की संपलं. लव ओली झाली की तिच्यात हवा उरत नाही. कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा भुरभुर पाऊस आणि वारा असलेली सौम्य थंडी जास्त कुत्रे आजारी पाडते, हे मी दरवर्षी बघते.

ढोबळ हिशोब द्यायचा तर ७ अंश सेल्सिअसच्या खाली पातळ केसांचे कुत्रे अस्वस्थ व्हायला लागतात. शून्याच्या खाली लहान, म्हातारे, आजारी आणि पिल्लं यांना बाहेर रेंगाळू देऊ नये. उणे ७ च्या खाली कुठल्याही घरगुती कुत्र्याला नुसतं शी-शू करण्यापुरतंच बाहेर न्यावं. मूत्रपिंड, हृदय, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काही असेल तर याच्याही आधी सावध व्हा. अशा कुत्र्यांचं शरीर तापमान सांभाळण्यात कमी पडतं.

बर्फाळवाट:
आमच्याकडे वर्षातले चार महिने बर्फ असतो, म्हणून यात भर घालतो. "निसर्गाने दिलंय" याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे कुत्रे. पण अलास्कातल्या इडिटॅरॉड शर्यतीत, जी १९७३ पासून चालू आहे, त्या कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे असतात. मुक्कामाच्या ठिकाणी त्यांना बर्फावर झोपवत नाहीत, खाली पेंढा पसरतात. आणि ते दिवसाला सुमारे १०,००० कॅलरी खातात. म्हणजे जन्मजात थंडीचा जो कुत्रा, त्याच्याही अंगाखाली कोरडं अंथरूण लागतंच.

पंजांबद्दल एक विलक्षण गोष्ट. कुत्रा बर्फावर उभा राहतो तरी पंजे गोठत का नाहीत, याचा अभ्यास जपानमधल्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास मांडला होता. पंजाच्या गादीत गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना अगदी चिकटून असतात. जाणारं रक्त परत येणाऱ्या रक्ताला तापवतं, त्यामुळे गार रक्त तसंच्या तसं अंगात जात नाही. पेंग्विनच्या पायांतही अशीच रचना असते.

पण ही रचना फक्त गारठ्यासाठी आहे. रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात त्यासाठी नाही. त्या मिठाने पंजांना भेगा पडतात, चरचरतं, मग तो चाटतो आणि मीठ पोटात जातं. आमच्या दारातच कोमट पाण्याची पसरट पाटी आणि टॉवेल असतो. चारही पाय बुडवायचे, बोटांच्या मधल्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. बेचक्यांतले केस लांब असले तर त्यांत बर्फाचे गोळे अडकतात आणि खडा टोचावा तसे टोचतात. हिवाळ्याच्या आधी ते केस पंजाच्या गादीच्या पातळीला कापून घ्या.

एकटा_पांथस्थ:
पटलं. आमचा काळू गावठी आहे, केस बारीक, आणि तो व्हरांड्यातल्या उघड्या फरशीवर झोपतो. आज रात्रीपासून आत घेतो.

उन्हंपसरली:
स्वेटरबद्दल. आमच्या चिंगीला (साडेचार किलो, बारीक केस) दोन हिवाळे घालते आहे. चुका करून शिकलेलं सांगते.

मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ झाकली पाहिजे हे सगळे बघतात. पोट आणि छाती झाकली पाहिजे हे कोणी बघत नाही. पाठीवर केस असतातच, उघडी असते ती छाती. दुसरं, पुढच्या पायांची बगल. पहिल्या वर्षी तिथे शिवण घासून दोन्हीकडे लाल चट्टे पडले आणि मला ते चार दिवसांनी कळलं, तेही ती लंगडायला लागली तेव्हा. आता रोज रात्री काढते, बगलेत आणि मानेखाली बोट फिरवून बघते, केस विंचरते. रात्रंदिवस स्वेटर ठेवला तर केसांच्या गाठी होतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. बटणं आणि लटकणारे गोंडे असलेला घेऊ नका, चावून गिळतात. आणि ओला स्वेटर ताबडतोब काढा, ओल्या स्वेटरपेक्षा उघडं अंग बरं.

जिला घालायचा तिला आवडतो का तेही बघा. चिंगी स्वतःहून डोकं पुढे करते. आधीच्या कुत्र्याला घातला की तो जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राहायचा, पाऊलसुद्धा उचलत नसे. त्याला आम्ही पुन्हा कधी घातला नाही, त्याऐवजी अंथरूण जास्त उबदार केलं.

रानफूल:
मी वस्तीतल्या आठ-दहा भटक्या कुत्र्यांचं बघते. त्यांच्यासाठी कृपया स्वेटर नकोत. हे मनापासून सांगते आहे, कारण मी स्वतः वाटले होते. एका कुत्रीचा स्वेटर कुंपणाच्या तारेत अडकला आणि ती रात्रभर तशीच लटपटत उभी होती. दुसऱ्याच्या अंगावर तो पावसात भिजला आणि तीन दिवस तो माझ्या हाताला लागला नाही. शेवटी धरून काढला तेव्हा खाली सगळी खरूज पसरली होती.

आता मी आडोसे करते. जाड पुठ्ठ्याचं खोकं, बाहेरून प्लास्टिक, खाली विटा, आत पेंढा. तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. खोकं मोठं घ्यायचा मोह होतो, पण ते कुत्र्याला आत वळून वेटोळं करून बसता येईल एवढंच हवं. आत शेगडी नसते, त्याच्याच अंगाची ऊब कोंडायची असते, आणि मोठ्या खोक्यात ती विरून जाते. पेंढाच का, तर उघड्यावर ब्लँकेट किंवा गोणपाट ओल धरतं आणि पहाटे गोठून कडक होतं. पेंढ्यातून ओल खाली उतरते आणि कुत्रा त्यात घुसून स्वतःभोवती खळगा करतो. ओला झाला की बदलायचा मात्र.

खाणं संध्याकाळी उशिरा देते. पोटात अन्न पचत असलं की अंगाला ऊब राहते, आणि रात्र तीच कठीण असते.

आणि गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, खाली वाकून बघा. गरम इंजिनाच्या आधाराने पिल्लं आणि मांजरं चाकावर, कधी आतही जाऊन बसतात. विझत आलेल्या शेकोटीवरही लक्ष ठेवा. वरची राख निवलेली दिसते, ते जाऊन त्यात झोपतात, आणि आत निखारे असतात. पंजे आणि पोट भाजलेले दोन कुत्रे मी दवाखान्यात नेले आहेत.

मीपण_तिथेच:
बॉनेटवर थाप, शंभर वेळा अनुमोदन. हे प्रत्येक वाहनतळावर लिहून लावायला हवं.

पिल्लांची_मावशी:
आई नसलेली पिल्लं सांभाळते, म्हणून त्यांच्यापुरतं सविस्तर लिहिते. थंडीत सगळ्यात जास्त जीव त्यांचेच जातात, आणि बहुतेक वेळा वाचवायला गेलेल्या माणसाच्या मायेने जातात.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला कुडकुडताच येत नाही. थरथरून ऊब निर्माण करण्याची क्रिया साधारण पहिल्या आठवड्यानंतर यायला लागते. तोपर्यंत त्याच्या अंगाची ऊब बरीचशी आजूबाजूच्या हवेवरच अवलंबून. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्या खोक्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत आणायची.

रस्त्यावर सापडलेलं गारठलेलं पिल्लू हातात आलं की प्रत्येकजण पहिल्यांदा दूध पाजतो. तिथेच घात होतो. अंग गार असताना आतडी चालत नाहीत. दूध पोटात तसंच राहतं, पोट फुगतं, किंवा गिळता न आल्याने ते फुफ्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. आणि ऊबसुद्धा सावकाश, तास-दोन तास घेऊन. मी पहिल्यांदा ओलं अंग पुसते, मग पिल्लू माझ्या स्वेटरच्या आत, छातीला चिकटवून धरते. तोंडात बोट घालून बघायचं. जीभ आणि टाळू गार लागले तर अजून वेळ आहे. तोंड कोमट झालं, बोट चोखायला लागलं, की मग पाजायला घ्या, तेही पिल्लांसाठीचं दूध, पोटावर पालथं ठेवून.

खोक्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एकाच कोपऱ्यात ठेवायची, संपूर्ण तळाला नाही. जास्त झालं तर त्यांना सरपटत लांब जाता आलं पाहिजे. आपण रात्री किती वेळा तापमापक बघणार? पिल्लंच सांगतात. एकमेकांवर डोकी टाकून शांत झोपली असतील तर ठीक. ढीग करून किरकिरत असतील तर गारठलीत. चारी कोपऱ्यांना पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय.

मागच्या हिवाळ्यात पाच सापडली होती. सगळ्यात छोटं, शेपटीला पांढरं टोक असलेलं, हातात आलं तेव्हा लाकडासारखं कडक होतं. मी दीड तास त्याला छातीशी घेऊन खुर्चीत बसले होते. मग त्याने माझ्या स्वेटरचं लोकरीचं सूत चोखायला सुरुवात केली. पाचही आता चांगल्या घरी आहेत.

सांजवारा:
मावशी, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. "आधी ऊब, मग दूध" हे मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

हीटरचं कोणी सांगेल का? राणी हीटरसमोरून हलतच नाही.

चारपायी:
सांजवारा ताई, म्हातारा कुत्रा हीटरजवळून हलत नाही तेव्हा तो हलू शकत नसण्याचीही शक्यता असते. भाजलेल्या कुत्र्यांत आमच्याकडे असेच जास्त येतात: सांधे धरलेले, लकवा झालेले, गुंगीतले. कातडीला कळतं, पण उठून बाजूला होता येत नाही. केसांखाली चट्टा असतो, दोन-तीन दिवसांनी कातडी सुटायला लागते तेव्हा दिसतो. तारा लाल होणारा हीटर असेल तर निदान चार-पाच फूट अंतर आणि मध्ये जाळी. तेल भरलेला रेडिएटर त्यापेक्षा बरा. विजेची गरम गादी माणसांसाठीची वापरू नका, ती त्यांना फार गरम होते आणि वायर चावायची भीती असते. गरम पाण्याची पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरा. तुम्हाला सहन होत नाही ते त्याला देऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कुत्रा आणि माणूस दोघंही झोपेतच जातात.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. सांधे दुखतात म्हणून घरातली दुखण्यावरची गोळी अर्धी करून देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात, पॅरासिटामॉलने यकृत. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती वजन बघून आणि रक्त तपासून देतात.

खाण्याचं: घरात राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत जास्त खाऊ घालायची गरज नसते. तो हिवाळ्यात कमी फिरतो, वजन वाढतं आणि ते सगळं सांध्यांवर येतं. बाहेर राहणाऱ्याला मात्र खरंच जास्त लागतं. पाणी दोघांनाही द्या, आणि आठवण ठेवून द्या. गार पाणी ते कमी पितात. दिवसातून दोन-तीनदा कोमट करून ठेवलं की भांडं रिकामं होतं. बर्फ पडतो तिथे धातूचं भांडं बाहेर ठेवू नका, जीभ चिकटते.

ओलीवाट:
आमचा लॅब्रॅडॉर थंड पाण्यात पोहून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याची शेपूट मुळापासून थोडी आडवी आणि मग एकदम खाली लोंबायला लागली. मोडली म्हणून धावत गेलो. शेपटीचे स्नायू गारठ्याने आणि ताणाने आखडतात, विश्रांतीने काही दिवसांत सरळ होतात, असं कळलं. आठव्या दिवशी हलवायला लागला. पण मोड नाही ना हे तपासून घ्यावंच.

बर्फाळवाट:
एक लिहायचं राहिलं होतं, आणि ते लिहायला जड जातंय. आमचा आधीचा कुत्रा थंडीने नाही, थंडीसाठी गाडीत घालतात त्या अँटीफ्रीझने गेला. ओळखीच्या एका गॅरेजबाहेर फरशीवर सांडलेलं होतं, त्याने दोन-चार वेळा चाटलं असेल. त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलची चव गोडसर असते. थोड्या वेळाने तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, उलटी झाली, मग सावरला. जेवला नाही, पण चालत होता, म्हणून आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले की ते सावरणं फसवं असतं, विष आत मूत्रपिंडांचं काम संपवत असतं. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच लागू पडतो. कुत्र्याने ते चाटलंय अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघू नका, त्याच मिनिटाला निघा. गाडीखाली हिरवट किंवा रंगीत ओघळ दिसला तर भरपूर पाण्याने धुऊन टाका.

रानफूल:
बर्फाळवाट दादा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. मला हे माहीत नव्हतं.

उन्हंपसरली:
चारपायी ताई, थंडी अंगात भरलीये हे घरी कसं ओळखायचं? कुडकुडणं सोडून?

चारपायी:
कुडकुडणं ही पहिली पायरी, आणि ती चांगली खूण आहे, म्हणजे शरीर लढतंय. बाहेर असताना तो एक-एक पाय वर उचलत असेल, पाठ वर काढून शेपूट आत घेत असेल, घराकडे ओढत असेल, तर तिथूनच मागे फिरा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश, आपल्यापेक्षा जास्त. म्हणून तो हाताला नेहमी गरमच लागतो. पोटाला आणि जांघेत हात लावल्यावर तो तुम्हाला गार लागला तर ती साधी गोष्ट नाही. ३७ च्या खाली गेलं की धावपळ करायची वेळ. सगळ्यात फसवी खूण म्हणजे कुडकुडणं थांबतं पण अंग अजून गारच असतं. लोकांना वाटतं ऊब आली, झोपलाय. खरं तर शरीराने हात टेकलेले असतात. हिरड्या फिकट, श्वास मंद, हाक मारली तर नजर उशिरा वळते.

अशा वेळी ओलं अंग पुसा, कोरड्या गरम ब्लँकेटमध्ये गुंडाळा, उबदार पिशव्या कापडात बांधून छातीच्या आणि पोटाच्या बाजूंना ठेवा. पाय चोळू नका, आधी धड गरम व्हायला हवं. गरम पाण्याने आंघोळ नको. ब्रँडी वगैरे तर अजिबातच नको, दारूने ऊब उलट बाहेर जाते. आणि वाटेला लागा, गुंडाळत गुंडाळत.

कानाची टोकं, शेपटीचं टोक किंवा पंजे पांढुरके-राखाडी आणि कडक झाले असतील तर तिथे हिमदंश आहे. चोळू नका, ड्रायर मारू नका. कोमट पाण्याची पट्टी ठेवा, आणि तो भाग पुन्हा गारठणार असेल तर वाटेत गरम करूच नका. काळं पडायला कधी कधी काही दिवस लागतात, म्हणून नंतरही बघत राहा.

एकटा_पांथस्थ:
काळू तीन रात्री आत झोपतोय. पहिल्या रात्री दाराशीच बसून होता, बाहेर बघत. काल स्वतःहून जाड पोत्याच्या गादीवर गेला, तीन गिरक्या घेतल्या आणि नाक शेपटीत खुपसून झोपला. सकाळी अंग हाताला गरम लागलं. व्हरांड्यात तो कधीच असा सैल झोपलेला पाहिला नव्हता.

सांजवारा:
हीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, मध्ये खुर्ची आडवी टाकली. राणीची औषधं सुरू झाली आहेत. पोट आणि छाती झाकणारा एक जुना लोकरी स्वेटर बाह्या कापून तिला बसवला, बगलेतली शिवण उसवून मऊ कापड लावलं. तिने घालून घेतला.

आज पहाटे पुन्हा नखांचा आवाज आला. मी धावत गेले. चटईवर ती उभी होती, चारही पायांवर, आणि पाण्याच्या रिकाम्या भांड्याला नाकाने ढकलत होती.